धुक्याची तारीख

दर रविवारी अविनाश गच्चीवरचं हवामानयंत्र संगणकाला जोडायचा आणि यंत्राने कधीकाळी नोंदवून ठेवलेली एक सकाळ गच्चीवर उतरवायचा. खाली साताऱ्यात एप्रिल तापलेला असे, वर मात्र दाट धुकं आणि बोचरी थंडी. त्याची बायको केतकी चहा घेऊन यायची, तरी त्याची नजर धुक्यातून हलायची नाही.

एकदा तिने पडद्यावरची तारीख वाचली. ती त्यांच्या लग्नाच्या तीन वर्षं आधीची होती.

"कुठली रे ही सकाळ?"

"मृणालबरोबरची शेवटची," तो हळूच म्हणाला.

मृणाल त्याची पहिली बायको. केतकीचा नुसता जळफळाट झाला. गेलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं? तिला त्या धुक्याचाच हेवा वाटू लागला.

पुढच्या रविवारी तो उठायच्या आत तिने यंत्रावर दुसरी तारीख लावली. अविनाश वर आला तो रणरणत्या उन्हात. क्षणात घामाने निथळला.

"हे काय लावलंयस?"

"आपल्या लग्नाची दुपार. ओळखलीही नाहीस ना?"

यंत्र बंद करायला पुढे झालेला हात त्याने मागे घेतला. मग तो तिच्या शेजारी, त्या तापल्या फरशीवर बसला.