या महिन्याची भजी

व्यंकटराव जीपमधून उतरताना दिसले आणि अर्पिताच्या हातातला चहा हातातच राहिला.

देवगाव फाट्यावरच्या हॉटेलामागच्या खोलीत नकाशावाल्यांची बैठक नुकतीच सुरू झाली होती. नकाशावाले म्हणजे कुणी सरकारी माणसं नव्हेत. इंटरनेटवर सगळ्यांना खुला असलेला एक नकाशा आहे, त्यात आपल्या भागातले रस्ते, विहिरी, शाळा भरायच्या, हा या पाच-सहा जणांचा बिनपगारी उद्योग. जीवन तर नकाशाच्या प्रोग्राममधल्याच चुका दुरुस्त करी. निवृत्त मास्तर सिताराम सर सगळ्यांत थोरले. त्यांनी एक रीत घालून दिली होती. बैठकीच्या सुरुवातीला ज्यानं त्यानं महिन्यातली आपली चूक सांगायची, आणि ज्याची चूक सगळ्यांत मोठी त्यानं सगळ्यांना भजी खाऊ घालायची.

जीवननं एक विहीर भर रस्त्यात ठेवली होती. सगळे हसले. पुढची पाळी अर्पिताची, आणि तिची चूक भज्यांत फिटण्यासारखी नव्हती.

परभणीला होस्टेलवर असताना तिनं आकाशातून काढलेल्या फोटोवरून एक रस्ता काढला होता. पाथरीच्या रस्त्यापासून फुटून, शेतांमधून थेट तिच्या गावाच्या मागे येणारा. फोटोत पांढरी, रुंद, सरळ रेघ दिसत होती. ती मेंढरांच्या खुरांनी पडलेली वाट आहे, हे तिला कळलं थेट गेल्या महिन्यात, बहिणीच्या लग्नात. नवरदेवाचा टेम्पो मोबाईल बघत त्या रेघेवरून आला आणि आदल्या रात्रीच्या अवकाळीनं भिजलेल्या काळ्या रानात रुतून बसला. मुहूर्त टळला, जेवणं गार झाली, नवरदेव आला तो गुडघ्यापर्यंत चिखलात. "हा नकाशा काढणारा घावू द्या मला," असं वरबाप मांडवात सगळ्यांदेखत गरजला होता. वरबाप म्हणजे हेच व्यंकटराव.

अर्पितानं तेव्हा तोंड उघडलं नाही. फक्त पाठवणीच्या आधी बहिणीच्या, राजेश्रीच्या, कानात सांगितलं. राजेश्री 'बरं' एवढंच म्हणाली. तेव्हापासून अर्पिताच्या घशाखाली घास धड उतरत नव्हता. रेघ आपली आणि टोमणे जन्मभर बहिणीला, हे काही केल्या तिच्या मनातून जात नव्हतं.

व्यंकटराव दारात उभे राहिले. "राम राम. नकाशा काढायलेत ती मंडळी तुमीच का?"

"या, बसा," सिताराम सर म्हणाले.

"बसतो. आधी सांगा, आमचा टेम्पो रुतला ती रेघ कुणी मारली?"

सरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण आवाजावरून अंदाज आला. "चूक झाली असंल तर ती आमची सगळ्यांची समजा," ते म्हणाले.

अर्पिता उठली. "मामा, मी मारली. ताईचा त्यात काई दोष न्हाई."

"ठाऊक हाय मला." व्यंकटरावांनी खुर्ची ओढली. "लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तुझ्या बहिणीनं सांगितलं. चहाचा कप हातात दिला आन् म्हणली, मामा, ती रेघ माझ्या बहिणीची. रागवायचं असंल तर आजच पोटभर रागवून घ्या, रोज थोडं थोडं नको."

जीवनला खोकल्याची उबळ आली. हसू दाबायचं असलं की त्याला ती येत असे.

"मग?" अर्पितानं कसंबसं विचारलं.

"मग काय? असल्या सुनेवर रागवायची ताकद पाहिजे की माणसात! गुमान चहा पिलो."

अर्पिता मटकन खाली बसली. महिनाभर छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी उचलून नेलं होतं. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही.

"तू जेवंनास म्हणून राजेश्री सांगायली. तवा म्हणलो, जाऊन यावं," व्यंकटराव म्हणाले. मग त्यांनी दाराकडं बघून आवाज खाली आणला. "आन् खरं सांगू का? रेघ तुझी, पर गाडी डायवरनं थांबवली व्हती. मालक, ह्यो रस्ता वाटंना, म्हणला. तिथं मेंढरंवाली भागुबाई काठी आडवी धरून वरडायली, मेंढराची वाट हाय, गाडी रुतंल. आन् मी म्हणलो, बाई, मोबाईल खोटं बोलतो व्हय? घे रे म्होरं! शेवटी तिच्याच माणसांनी टेम्पो वढून काढला. मांडवात आलो आन् खामखा सगळं खापर नकाशावर फोडलं. घरी अजून कुणाला ठाऊक न्हाई."

अर्पितानं लॅपटॉप पुढं ओढला आणि त्या रेघेवर बोट ठेवलं.

"पुसायलीस व्हय?" व्यंकटराव चष्मा सावरत वाकले. "पुसू नको. मेंढरं जातेत की तिथून."

तिनं रस्त्याची पाऊलवाट केली. जाड रेघ बारीक तुटक ठिपक्यांची झाली. व्यंकटराव त्या ठिपक्यांकडं जरा वेळ बघत राहिले, बहुतेक टेम्पो रुतला ती जागा शोधत असावेत.

सिताराम सरांनी घसा साफ केला. "व्यंकटराव, आमच्यात एक रीत हाय," म्हणाले, आणि रीत सांगितली.

व्यंकटरावांनी सगळ्यांची तोंडं एकदा पाहून घेतली. मग मागं वळून भटारखान्याकडं हाक मारली, "भजी टाका हो! कढई मोठी ठेवा, चूक टेम्पोएवढी हाय."

भजी आली. पहिलं भजं अर्पितानं उचललं. तोंड चांगलंच पोळलं. ते गिळायच्या आत तिनं दुसरं उचललं.