मुहूर्ताची गाडी

"काका, गाडीची किंमत कालपासून वाढलीय. वरचे चाळीस हजार भरलेत की लगेच किल्ली देतो," शोरूमचा मॅनेजर हसत म्हणाला.

दसऱ्याचा दिवस, आणि गुरुजींनी काढून दिलेली वेळ टळत आलेली. ठरल्या किमतीच्या करारावर दोघांच्या सह्या होत्या, पैसेही भरून झाले होते. तरी श्रीपादरावांचा हात चेकबुकाकडे गेला. सणासुदीला कटकट नको, हा त्यांचा स्वभाव.

त्यांच्या पत्नी कुमुदताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "ते मागाहून बघू. आधी पूजा उरकून घेते."

मॅनेजरला त्यात काही वावगं वाटलं नाही. पूजा केलेली गाडी सोडून कोण जातं? नारळ त्यानंच आणून दिला. ताईंनी बॉनेटवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मग खुर्चीवर बसून म्हणाल्या, "आता आमचे पैसे परत करा. गाडी दुसऱ्या कुणाला तरी विका."

मॅनेजरनं मागे पाहिलं. गाड्या न्यायला आलेली चार-पाच कुटुंबं तिकडेच बघत होती.

"अहो मावशी, दुसऱ्यानं पूजा केलेली गाडी कोण घेईल?" त्याचा आवाज एकदम खाली आला.

"तेच म्हणतेय मी," असं म्हणत ताईंनी पिशवीतली चार लिंबं त्याच्या हातावर ठेवली. "ही चाकांखाली ठेवा, आणि किल्ली आणा."

मॅनेजर पहिल्या चाकापाशी वाकला, तसं श्रीपादरावांनी चेकबुक हळूच खिशात सारलं.