टप्पा

दुपारी चार वाजता जळकोटच्या हायस्कूलच्या मुली पुण्यातल्या एका कॉलेजच्या लाकडी बास्केटबॉल कोर्टवर उतरल्या. उन्हाळी सुट्टीतल्या सामन्यांच्या दौऱ्याचं हे शेवटचं कॉलेज. कॅप्टन गायत्रीला निघताना वडिलांनी, अप्पांनी, बजावलं होतं, "एखाद्या कॉलेजनं आपणहून बोलावलं तर अकरावीला तिथं धाडीन. न्हायतर तुळजापूरचं कॉलेज हायच." आधीच्या दोन कॉलेजांत चहा-बिस्किटं मिळाली होती, बोलावणं नाही.

सराव सामना सुरू झाला. जळकोटच्या मुली चेंडू नुसत्या झेलत आणि फेकत होत्या.

"अगं, टप्पा मारा की! जमीन रुसलीय का तुमच्यावर?" कॉलेजची एक मुलगी हसली.

"आमचं ग्राउंड काळ्या मातीचं हाय, ताई," गायत्री म्हणाली. "टप्पा मारला की चेंडू तिथंच बसतोय. म्हणून आमी त्याला खालीच सोडत न्हाय." बोलता बोलता तिनं न बघताच मागं पास दिला आणि तिच्या संघातल्या निकितानं तो बास्केटमध्ये टाकला.

कॉलेजच्या कोचबाईंनी शिट्टी मारली. टप्पा येत नाही म्हणजे खेळच येत नाही, असं त्यांना वाटलं असणार, गायत्रीच्या मनात आलं.

बाई मात्र स्वतःच्या मुलींकडं वळल्या. "ऐकलंत? आता तुम्हीही टप्पा न मारता खेळून दाखवा."

बराच वेळ गेला. कॉलेजच्या मुलींना एकही गुण मिळाला नाही.

बाईंनी गायत्रीकडून अप्पांचा नंबर घेतला आणि स्वतःच लावला. रिंग जाते आहे. अप्पांनी अजून फोन उचललेला नाही.