खोली नंबर चार

नाथाजी पवारनं भाऊसोच्या बाहीतून चिठ्ठी ओढली आणि त्याच वेळी खोलीला बाहेरून कडी लागली.

"गुंडा, कडी काढ."

"हेडमास्तरांनी सांगितलंय, पेपर सुटूस्तवर काढायची न्हाई," दाराआडून शिपाई म्हणाला. "बाहेर शे-दीडशे माणूस हाय, मास्तर. आत तुमी बरं."

आत चाळीस परीक्षार्थी होते. भाऊसोनं खिशातून चाकू काढला, उघडला आणि सावकाश पेन्सिलीला टोक करू लागला. पेपर शाईनं लिहायचा होता.

"चिठ्ठी ठेवा हितं," तो म्हणाला. "काल जाधवांनी बी अशीच धरली हुती."

सयाजी जाधव कालपर्यंत या खोलीवर पर्यवेक्षक होते. आज ते मिरजेला दवाखान्यात होते. जबडा तारेनं बांधल्यामुळे राजीनामा त्यांना लिहूनच द्यावा लागला. कडेगावच्या या शाळेतून दोन वर्षांत गेलेले ते पाचवे मास्तर. त्यांच्या आधीचा फौजेत भरती झाला. तिथं निदान मारणारा समोरून येतो, असं त्यानं पत्रातून कळवलं होतं.

सकाळी हेडमास्तर मानसिंगरावांनी नाथाजीला चहा पाजला होता. "मंडळींना दुखवू नका," ते म्हणाले, "मास्तर टिकत नाहीत हो इथं. पण कॉपी सापडली आणि रिपोर्ट केला नाहीत, तर मला तुम्हाला कायम करता येणार नाही." दोन्ही वाक्यं त्यांनी सारख्याच मायेनं उच्चारली.

नाथाजीनं रिपोर्टचा कागद पुढं ओढला. नाव लिहिलं. बैठक क्रमांक लिहिला. खोलीतली सगळी पेनं थांबली.

खिडकीतून एक दगड आला, फळ्यावर आपटला आणि घरंगळत मागच्या बाकापाशी गेला. तिथल्या मिशीवाल्यानं तो उचलून आपल्या उत्तरपत्रिकेवर ठेवला. वारा होता.

"अभ्यास केला असता तर ही वेळ आली नसती," नाथाजी म्हणाला.

"अभ्यासाला येळ कुठनं आणू? दिसभर शाळा, सांजचं रान." भाऊसोनं पेन्सिलीचं टोक बोटावर टेकवून पाहिलं. "आवं, तिसऱ्यांदा बसलोय. ह्या खेपंला गचकलो तर कायमचा घरी बसंन. तुमी कायम व्हायचं म्हून मी घरी बसू व्हय?"

"आणि मी काय करू?"

"काय न्हाई. खुर्चीत बसा. लय सोपं असतंय."

दुसरा दगड आला. हा मोठा होता. खिडकीचा गज वाकला.

नाथाजीनं रिपोर्टच्या चार घड्या करून तो खिशात घातला. भाऊसोची चिठ्ठी त्याला परत दिली.

"हे तिसरं बराबर हाय का, बघा की," भाऊसो म्हणाला.

नाथाजीनं पाहिलं. बरोबर नव्हतं. त्यानं दुरुस्त करून दिलं. शरण जायचं तर त्यात कसूर नको.

पेपर सुटला. कडी निघाली. चाळीस जण शिस्तीत बाहेर पडले. भाऊसो तेवढा मागं राहिला. खोली रिकामी झाल्यावर तो टेबलापाशी आला आणि त्यानं पुन्हा खिशात हात घातला.

नाथाजी उठून भिंतीला टेकला. "आता काय राहिलं?"

भाऊसोनं खिशातून एक छापील कागद काढला आणि अदबीनं टेबलावर पसरला.

"परीक्षेला हजर हुतो म्हून सही द्या, मास्तर. आमचा हेडमास्तर लय खवीस. दाखल्याबिगर रजा धरत न्हाई. आन् जरा लौकर करा, उद्या माझ्या चौथीच्या वर्गाचा पेपर घ्यायचाय. पोरं लय कापी करत्यात."