वाक्यांमधली शीळ

निवृत्त बसचालक काका नातीसाठी हौसेने गोष्टी रेकॉर्ड करायचे. परवडेल असा नवा माइक घेतला, तर दर दोन वाक्यांमध्ये बारीक शीळ ऐकू यायला लागली. वायर बदलून झाली, स्टँड बदलून झाला, खिडकीला जाड पडदा लावला. शीळ काही हटेना. शेवटी तणतणत ते दुकानात गेले.

"चांगला म्हणून गळ्यात मारलात ना हा!"

दुकानदार स्वतः माइकवर बोलला. आवाज स्वच्छ आला. मग त्याने काकांना बोलायला लावलं, ऐकलं आणि हेडफोन हळूच काढून ठेवला.


"काका, माइकमध्ये काही खोट नाही," तो खाली बघत म्हणाला. "माझ्या वडिलांचा श्वास शेवटच्या महिन्यात असाच वाजायचा."