वेलचीचं ऑपरेशन

वजनकाट्यावर वेलची थरथरत उभी होती. चिवावा जातीची, जेमतेम दीड किलोची कुत्री. डॉक्टरांनी तिच्या पोटावरचा व्रण चाचपला. "एवढ्याशा जिवाला एक सिझेरियन पुरे झालं. आता पुन्हा पिल्लं नकोत. नसबंदी करून घ्या."

"करूनच टाकू," अभिराम लगेच म्हणाला. "जीव आहे तो, पिल्लं काढायचं यंत्र नाही." त्यानं तिला उचलून जॅकेटच्या आत, छातीशी धरलं.

धाकट्या मुलीला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या गौतमीला क्षणभर नवऱ्याचं कौतुकच वाटलं. तिची स्वतःची दोन सिझेरियन झाली होती. तिसरं बाळंतपण जिवावर बेतेल, असं तिच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण दोन मुलींवर सासूबाईंना नातू हवा होता, आणि अभिराम म्हणायचा, "आईचं मन मोडवत नाही गं."

गाडीत बसल्यावर ती हळूच म्हणाली, "वेलचीसाठी बोललास, तसं माझ्यासाठी आईंशी बोल ना."

"तिची गोष्ट वेगळी," वेलचीवर शाल सारखी करत तो म्हणाला. "त्या बिचारीला काय होतंय ते सांगता तरी येतं का?"

गौतमीला सांगता येत होतं. दिवाळीपासून तिनं तीनदा सांगितलं होतं.