हातांची खुर्ची

पाहुणे जिना चढू लागले तशा रेवतीने वडिलांच्या चारही प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून बाथरूममध्ये कोंबल्या. ती लोकांची घरं सजवून द्यायची, आणि काम देण्याआधी आज एक जोडपं तिचंच घर बघायला येत होतं. त्यात ते मरून रंगाचं प्लास्टिक दिसलं असतं तर शोभाच झाली असती.

जोडप्यातल्या नवऱ्याची ऐंशीची आई बुटक्या, देखण्या सोफ्यावर बसली ती रुतलीच. "अगं, हातांची साधी प्लास्टिकची खुर्ची नाही का? तिच्यावर जोर दिला की माझं मला उठता येतं."

"प्लास्टिकचं काही आम्ही घरात ठेवतच नाही, आजी," रेवती हसून म्हणाली. दाराला टेकून उभ्या असलेल्या तिच्या वडिलांनी मान खाली घातली.

थोड्या वेळाने मुलाने आणि सुनेने दंड धरून म्हातारीला ओढून उभं केलं. तिने बाथरूम कुठेय ते विचारलं. खुर्च्या तर तिथेच होत्या. पण रेवती तिला अडवणार कशी?

म्हातारी बाहेर आली तेव्हा तिचा एक हात भिंतीला होता आणि दुसऱ्या हातात खुर्ची होती. आता ही सगळ्यांसमोर आपली लाज काढणार, असं रेवतीला वाटलं. पण तिच्याकडे न बघताच म्हातारी दारापाशी गेली आणि तिने खुर्ची वडिलांपुढे ठेवली.

"बसा हो," ती म्हणाली. "मघापासून बघतेय, या पायावरून त्या पायावर होताय."